इतर, असल्यास

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी फॉर्म वाटले.
झेरॉक्स जरा तिरकी आलेली, वर ठळक अक्षरांत:
देवानं तुम्हांला कोणतं कृपादान दिलं आहे? खूण करा.
गायन. वाद्य. प्रार्थना. रविवार शाळा.
प्रीतिभोजनाचा स्वयंपाक.
आणि तळाशी टिंबांची एक ओळ: इतर, असल्यास.

पुढच्या बाकावरच्या सलोमीनं पटापट तीन खुणा केल्या
आणि टोपण नसलेलं पेन मागे दिलं.
मी ते धरून बसले.

मला शीर सापडते.
एवढंच.
एकतीस वर्षं रास्ता पेठेतल्या लॅबमध्ये
सकाळी सातची रांग, उपाशीपोटी, चिडलेली.
"माझी सापडत नाही हं," म्हणत बाही वर करणाऱ्या बायका,
सुई पाहून पांढरा पडणारा तालमीतला गडी,
आईच्या पदरात तोंड खुपसलेली पोरं.
मी डोळ्यांनी शोधत नाही.
परकराच्या नेफ्यात आत गेलेली नाडी
बोटानं चाचपत चाचपत पुढे आणावी,
तसं काहीसं.
बोट थांबतं. तिथं असते.
कुणी शिकवलं नाही. आईला यायचं नाही.

हे कुठल्या चौकटीत बसवायचं?

गाण्याची चौकट मी पाहिलीही नाही.
बावीस वर्षांपूर्वी नाताळच्या तालमीत
उमापसरांनी पेटी थांबवली होती,
म्हणाले, "रेबेकाबाई, तुम्ही नुसते ओठ हलवा."
सगळ्यांदेखत.
मी तीन नाताळ ओठ हलवले,
मग चहाच्या पातेल्याकडे गेले, तिथंच राहिले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या सुनेचा फोन आला,
रात्री साडेदहाला. बाबांना ताप, सलाईन लावायचंय,
कंपाउंडरला शीर मिळत नाही, तुम्ही याल का?
नाना पेठ ते क्वार्टर गेट. रिक्षाचे तीस-चाळीस रुपये.
मी म्हटलं, "माझा हात दुखतोय गं."

हात दुखत नव्हता.

झोप आली नाही.
रुमालात नाणं बांधून ठेवणारा तो चाकर
मला लहानपणापासून आळशी वाटायचा.
त्या रात्री वाटलं, छे,
त्याला धन्याचा नाही,
दुसऱ्याच कुणाचा तरी राग आला असेल.
गाठ मारून बसला असेल अंधारात,
आणि गाठ त्यालाच काचत असेल.

साडेपाचला निघाले. वेणीसुद्धा नीट घातली नव्हती.
उमापसर उशीला टेकून होते,
दोन्ही हातांवर निळेकाळे डाग,
शाईची दौत सांडल्यासारखे. सात मोजले.
सात.
त्यातले निदान पाच तरी माझे होते.

मी काही बोलले नाही. सलामही केला नाही.
हात गरम पाण्यात धरला, पुसला,
पेटीवर आयुष्यभर फिरलेली ती बोटं
पहिल्यांदाच माझ्या हातात होती,
हलकी, वाळक्या शेंगांसारखी.
अंगठ्याच्या मुळाशी बोट थांबलं.
सुई गेली. थेंब पडायला लागले.

सरांनी डोळे उघडले नाहीत.
म्हणाले, "बरोबर सुरात लागली, बाई."
त्यांना ते आठवत होतं की नाही, कोण जाणे.
मी विचारलं नाही.
नळीवरचं चाक जरा फिरवलं, थेंब धीमे केले,
आणि स्टुलावर बसून मोजत राहिले.

फॉर्म परत द्यायचा शेवटचा रविवार होऊन गेला.
माझा अजून पर्समध्ये आहे,
रबरी पट्ट्याशेजारी, चौघडी घातलेला.
पुढची बाजू कोरी.
मागे सरांच्या सुनेनं घाईत एक नंबर लिहून दिलाय:
खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचा.
तिचीही सापडत नाही म्हणे.